आठवा ठोका

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शोर्नश्टाइनफेगर आला. जर्मनीत घरोघरी जाऊन धुराडी आणि बॉयलर तपासणारा हा माणूस. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे आणि हातात मोजमापाची पेटी. सुरेखा आठल्येंच्या घरी तो बारा वर्षं येत होता आणि दर वेळी दार दिनकर उघडायचा. या वर्षी सुरेखानं उघडलं. त्यानं टोपी काढली, "कळलं मला. फार वाईट झालं," एवढं बोलला आणि केलरकडे, म्हणजे घराखालच्या तळघराकडे वळला. वाट त्याला पाठ होती. सुरेखा जिन्याच्या तोंडाशीच थांबली. खाली बॉयलरच्या खोलीत ती अकरा महिन्यांत गेलीच नव्हती. कपडे धुवायचं मशीन तिनं खालून काढून वर न्हाणीघरात आणवलं होतं.

वीस मिनिटांनी तो वर आला. त्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद ठेवला.

"बॉयलर शहात्तर सालचा आहे. इतके दिवस चालून गेलं, कारण तुमचे यजमान स्वतः इथे राहत होते आणि घर पूर्वीपासून त्यांच्या नावावर होतं. पण मालक बदलला की असा जुना बॉयलर ठरावीक मुदतीत काढावा लागतो, असा कायदा आहे."

"मालक बदलला म्हणजे?"

तो अवघडला. "आल्झो... म्हणजे, घर आता तुमच्या नावावर आहे ना."

सुरेखानं मान हलवली.

"मुदत आहे अजून," तो म्हणाला, "पण मी तुमच्या जागी असतो तर थंडी सुरू होण्याआधीच बदलला असता. जाळाच्या दाराशी बीड तडकलंय. याचा आता भरवसा नाही."

तो गेल्यावर सुरेखानं कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि पुढचे दहा दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही.

रेगेन्सबर्गच्या बाहेर, डोनाऊ नदीच्या पलीकडच्या अंगाला असलेलं हे घर त्यांनी चौऱ्याण्णव साली घेतलं, तेव्हा बॉयलर घराबरोबरच आला होता. छातीएवढा उंच, निळ्या पत्र्याच्या अंगरख्यातला, बिडाचा, तेलावर चालणारा. दिनकर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. दिवसभर यंत्रांत काढूनही घरी आल्यावर त्याला या यंत्राची ओढ असे. तो त्याला आजोबा म्हणायचा. "आजोबांना आज खोकला झालाय" म्हणत हातात कानस आणि ब्रश घेऊन खाली उतरायचा आणि काजळीनं माखून वर यायचा. मग सुरेखा त्याला दारातच उभं करून जुना टॉवेल द्यायची.

दर ऑक्टोबरात एक काम मात्र दोघांनी मिळून करायचं असे. उन्हाळ्यात बंद राहिलेल्या रेडिएटरांमध्ये हवा साठते, ती काढावी लागते. दिनकर खाली बॉयलरजवळ नळी जोडून पाणी भरायचा आणि सुरेखा वर चिमुकली पितळी किल्ली आणि एक वाटी घेऊन उभी राहायची. हाका एकमेकांना ऐकू जात नसत. बॉयलरच्या खोलीला आपोआप लागणारं जाड लोखंडी दार होतं. म्हणून दिनकरनं खुणा ठरवल्या होत्या. त्यानं पाइपावर पान्याचा एक ठोका दिला की सुरेखानं पुढच्या रेडिएटरपाशी जाऊन किल्ली फिरवायची, फुसफुसत हवा जाऊ द्यायची आणि पाण्याची धार लागली की बंद करायचं. पुन्हा एक ठोका, पुढचा रेडिएटर. घरात रेडिएटर सात. सगळे झाले की त्यानं लागोपाठ दोन ठोके द्यायचे, म्हणजे काम संपलं, चहा टाक.

सप्टेंबर सरता सरता एका सकाळी खिडक्यांच्या काचांना आतून ओल आली. पारा पाचवर उतरला होता. सुरेखानं शाल घेतली, मोजे चढवले, पण अकराच्या सुमारास बोटं वळेनात तेव्हा बैठकीच्या भिंतीवरचं बटण फिरवलं. खाली धप् असा ओळखीचा आवाज झाला आणि आजोबा पेटले. तासाभरात घर उबदार झालं.

चारच्या सुमारास ती बैठकीत मुलीच्या, शमिकाच्या, जुन्या कोटाचं अस्तर शिवत बसली होती. तेव्हा खालून ठोका आला.

एकच. पाइपातून वर येत येत खिडकीखालच्या रेडिएटरात विरला.

सुरेखाची सुई थांबली. ती ऐकत राहिली. पाचेक मिनिटं गेली आणि दुसरा आला. तोही एकच.

ती उठली. टेबलाच्या खणातून तिनं किल्ली काढली, वाटी आणली आणि खिडकीखालच्या रेडिएटरची हवा काढली. हवा अशी नव्हतीच. काळपट पाणी लगेच आलं. मग पुढचा. मग जिना चढून निजायच्या खोलीतला. आपण काय करतो आहोत हे तिला नीट कळत होतं, आणि तरी हात थांबत नव्हते.

त्यानंतर ते रोजचंच झालं. कधी सकाळी सातला, कधी तिन्हीसांजेला. दोन ठोके लागोपाठ कधीच येत नसत. सुरेखानं किल्ली एप्रनच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. बाजारात गेली तरी चार वाजायच्या आत घरी यायची घाई करू लागली. ठोका आला आणि वर कुणीच नसलं तर, असं तिला वाटायचं. आणि पुढचं वाक्य ती मनातसुद्धा पूर्ण करत नसे.

ते वाक्य ती वर्षभर चुकवत आली होती. गेल्या ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी दिनकर नेहमीसारखा खाली उतरला होता. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. सुरेखानं चकलीची भाजणी भाजायला घेतली होती, आणि अशा वेळी शेगडीपाशी उभं राहावं लागतं, याचा तिला आधीच वैताग होता. "उद्या करा ना," ती म्हणाली होती. "उद्या पारा शून्यावर जाणार आहे," तो म्हणाला होता. मग ठोके सुरू झाले. ती हरभऱ्याची डाळ खाली उतरवून ठेवायची, पळत जायची, किल्ली फिरवायची, परत यायची. सात वेळा असं झालं. सातही रेडिएटर झाले. आता दोन ठोके येतील म्हणून तिनं उडीद कढईत टाकले.

आठवा ठोका आला. एकच.

काहीतरी राहिलं असेल म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. नववा. दहावा. दहाव्याला ती वरच्या मजल्यावर होती आणि खालून जळका वास आला. ती धावत आली, कढई उचलून बाजूला आपटली आणि केलरच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "पुरे करा हो आता! माझी भाजणी करपली तुमच्या पायी!"

खालून उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं अकरावा ठोका आला, बारीक. ती गेली नाही. खिडक्या उघडून तिनं धूर घालवला, दोन कप चहा केला आणि रागानंच टेबलाशी बसून राहिली. चहावर साय धरली. पाऊण तासानं ती खाली उतरली, लोखंडी दार ढकललं, तर दिनकर बॉयलरच्या पायाशी कुशीवर पडला होता. हातात पाना होता.

डॉक्टर म्हणाला, झटका मोठा होता, क्षणात गेले. सुरेखानं ते शब्द उचलले आणि सगळ्यांना तेच सांगितलं. कार्ल्सरूहेहून रडत आलेल्या शमिकाला सांगितलं, सांगलीला दिरांना, दत्तात्रय भाऊजींना, फोनवर सांगितलं. क्षणात गेले हो, काही त्रास झाला नाही. ठोक्यांचं ती कुणालाच बोलली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बॉयलर बंद पडला. हाइत्सुंगची, म्हणजे घर गरम करण्याची कामं करणारे आउमर गावातच राहत. साठीला आलेला, मिशीवाला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पाणी भरलं आणि गेले. चार दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेस त्यांनी घरातला एकेक पाइप हातानं चाचपला, केलरची जमीन टॉर्चनं पाहिली.

"गळती कुठेच नाही," ते म्हणाले. "मग पाणी जातं कुठे?"

बोलता बोलता त्यांची नजर खिडकीखाली गेली. रेडिएटरखाली घडी घातलेलं फडकं होतं, त्यावर वाटी, आणि वाटीत बोटभर काळं पाणी.

"फ्राऊ आठल्ये, हवा कोण काढतं?"

सुरेखाचे कान तापले. "आवाज येतो पाइपातून. मला वाटलं, हवा असेल."

"यात हवा नाहीच आहे. तुम्ही नुसतं पाणी काढताय. कमी पाण्यावर हा जळत राहिला तर जिथे तडा आहे तिथे फुटेल." ते जरा थांबले. मग हळूच म्हणाले, "किल्ली काही दिवस माझ्याकडे देता का?"

"नको," सुरेखा घाईनं म्हणाली आणि तिनं एप्रनचा खिसा मुठीत धरला.

"बरं. पण बॉयलर या महिन्यात काढू या. सत्तावीस तारखेला मला जमेल. दोन दिवसांचं काम आहे."

तिनं हो म्हटलं. ते गेल्यावर मात्र तिला वाटलं की आपण कुणाला तरी घराबाहेर काढायला तारीख दिली आहे.

त्याच आठवड्यात दत्तात्रय भाऊजींचा फोन आला. वर्षश्राद्ध सांगलीला करायचं ठरलं होतं. गुरुजींना काय काय विचारायचं ते बोलून झालं. मग ते म्हणाले, "वहिनी, एक विचारू? त्याची काही इच्छा राहिली होती का हो? तुम्ही शेवटपर्यंत जवळ होतात, म्हणून विचारतो."

तुम्ही शेवटपर्यंत जवळ होतात. सुरेखानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही हो भाऊजी. क्षणात गेले ते," ती म्हणाली. आणि तेवढ्यात तिच्या पाठीमागच्या रेडिएटरात एक ठोका पडला.

"काय झालं? कोणी आलंय का?" भाऊजींनी तिकडून विचारलं.

सव्वीसला संध्याकाळी शमिका कार्ल्सरूहेहून आली. तिथल्या विद्यापीठात ती मशीन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. बापाचं नाक, बापाचीच चालायची घाई. ती मराठी सगळी समजायची पण बोलायची जर्मनमधून. सुरेखा मराठीत विचारायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींना त्यात काही वेगळं वाटत नसे.

"तू बारीक झालीस," सुरेखा म्हणाली.

"तूच झालीस," शमिका म्हणाली. "आई, ही किल्ली खिशात कशाला घेऊन फिरतेस?"

"असू दे."

सत्तावीसला सकाळी आउमर एका मदतनिसाला घेऊन आले. पाइपांतलं सगळं पाणी त्यांनी नळीवाटे गटारात सोडलं. मग खालून घणाचे घाव ऐकू यायला लागले. बिडाचा बॉयलर अख्खा जिन्यानं वर येत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात. एकेक तुकडा पट्ट्यांत बांधून दोघांनी वर ओढला आणि अंगणात ठेवला. आतून काळे, सच्छिद्र, एखाद्या जनावराच्या फासळ्यांसारखे. सुरेखा खिडकीतून बघत होती. निळा पत्रा गवतावर उताणा पडला होता. धुकं इतकं दाट होतं की कुंपणापलीकडचं अक्रोडाचं झाड दिसत नव्हतं.

बारा वाजता आउमर आणि मदतनीस गाडीत बसून पाव आणि सॉसेज खाऊ लागली. घर गार पडलं होतं. शमिका स्वयंपाकघरात टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती, डोक्यावर टोपी, अंगात कोट. सुरेखा तिच्यासाठी थालीपीठ लावत होती. केलरमध्ये कुणीच नव्हतं, पाइपांत पाण्याचा थेंब नव्हता आणि बॉयलर अंगणात तुकडे होऊन पडला होता.

खालून एक ठोका आला.

शमिकानं मान वर केली. "वास वार दास? काय होतं ते?"

"तुलाही आला?" सुरेखानं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. भाऊजींनी फोनवर विचारलं तरीही इतके दिवस तिनं धरून ठेवलं होतं की हे आपल्या कानांत आहे, आपल्या डोक्यात आहे.

"आला म्हणजे? केवढ्यानं आला."

सुरेखाचा हात एप्रनच्या खिशात गेला. किल्ली बोटांना लागली. तिनं ती सोडली, आणि पिठानं भरलेल्या हातांनीच केलरच्या जिन्याकडे धावली. "आले, आले हो," असं ती मोठ्यानं म्हणत होती. पायऱ्या कशा उतरली तिला कळलं नाही. लोखंडी दाराला आउमरनी विटेचा टेकू लावून ते उघडं ठेवलं होतं. ती आत शिरली.

खोली रिकामी होती. बॉयलर होता तिथे सिमेंटवर फिकट चौकोन उरला होता, भोवती काजळीची कड. कापलेले पाइप भिंतीतून नुसतेच बाहेर आले होते. वरच्या चिंचोळ्या खिडकीतून अंगणातलं गवत आणि पांढरं धुकं दिसत होतं. जळक्या तेलाचा वास होता, आणि थंडी.

सुरेखा त्या चौकोनाच्या कडेला खाली बसली.

शमिका मागोमाग आली होती. "आई? कोणाला 'आले' म्हणालीस?"

आणि मग सुरेखानं सांगितलं. भाजणीपासून, सात रेडिएटरांपासून, आठव्या ठोक्यापासून. आपण जिन्यावरून काय ओरडलो तेही. चहाही सांगितला. काहीच मागे ठेवलं नाही. बोलताना ती मुलीकडे बघत नव्हती, सिमेंटकडे बघत होती.

शमिकानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग जर्मनमध्येच, शांत आवाजात म्हणाली, "तू मला सांगितलंस, ते क्षणात गेले. मी वर्षभर सगळ्यांना तेच सांगते आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा स्वतःलाही तेच सांगते."

"शमू..."

"ते बोलावत होते. आणि तू चहा करत होतीस."

ती वर गेली. तिनं लॅपटॉप बॅगेत घातला. रविवारपर्यंत राहायचं ठरलं होतं, पण तीनच्या गाडीनं ती निघून गेली. थालीपीठ तव्यावर तसंच राहिलं. आउमर परत आले तेव्हा सुरेखा अजून खालीच बसली होती. त्यांनी काही विचारलं नाही. गाडीतून एक विजेचा छोटा हीटर आणून स्वयंपाकघरात लावून दिला, आणि तिला हाताला धरून वर आणलं.

दुसऱ्या दिवशी नवा बॉयलर बसला. पांढरा, भिंतीला टांगलेला, भांड्यांच्या कपाटाएवढा, गॅसवर चालणारा. आउमरनी तिला तो नीट समजावून सांगितला: दाबाचा काटा इतका हवा, वर्षातून एकदा मी येऊन साफ करीन, लाल दिवा लागला तर फोन करा. ते निघताना सुरेखानं विचारलं, "काल दुपारी, पाइप रिकामे असताना आवाज झाला. मुलीनंही ऐकला."

"गार होताना पाइप आखडतात. आवाज करतात."

"एकच?"

आउमरनी मिशीवरून बोट फिरवलं. "साधारण अनेक करतात," ते म्हणाले, आणि पेटी उचलून निघाले.

नव्या बॉयलरचा आवाज जवळजवळ नव्हताच. घर उबदार होतं, गप्प होतं. चार वाजले की सुरेखा हातातलं काम ठेवून बसायची. काही यायचं नाही. सातला यायचं नाही, तिन्हीसांजेला यायचं नाही. ठोके येत होते तेव्हा तिला त्यांची भीती वाटायची. आता ती रेडिएटरवर तळवा ठेवून वाट बघायची. तिनं शमिकाला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तो वाजत राहिला. दिवाळी होऊन गेली होती. या वर्षी तिनं पणतीदेखील लावली नव्हती.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. "शनिवारी येते," शमिका म्हणाली. "किल्ली टाकून दिली नाहीस ना?"

"नाही."

"बाबांचा पाना?"

"तोही आहे."

शनिवारी सकाळी ती आली. आल्या आल्या तिनं बूटही न काढता सांगितलं, "आई, मला बघायचंय. वर काय ऐकू येतं ते मला स्वतः ऐकायचंय. तू खाली जा. त्या दिवशी जसे आले तसे ठोके दे. मी वर किल्ली घेऊन फिरते."

"कशाला, शमू?"

"कारण मी तीन आठवडे तुझ्यावर चिडून बसले आहे, आणि मला माहीतच नाही की मी काय केलं असतं."

सुरेखा पाना घेऊन खाली उतरली. लोखंडी दार तिच्यामागे आपोआप लागलं. नव्या बॉयलरवर एक हिरवा ठिपका जळत होता. ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं शाल जमिनीवर अंथरली आणि दिनकर पडला होता तिथे, तसाच कुशीवर देह टाकला. डोकं भिंतीकडे आलं. कानाजवळून दोन पाइप वर जात होते.

तिनं पहिला ठोका दिला.

आणि वरून आवाज आले. तिला कल्पना नव्हती. छतातून नाही, पाइपातून. शमिकाची पावलं, घाईघाईची, बापासारखी. ती बैठकीकडे गेली हे कळत होतं. किल्लीची खरखर इतकी जवळ वाजली की जणू कानातच फिरली. मग हवेची बारीक फुसफुस, मग थांबली. सुरेखा श्वास रोखून ऐकत होती. दुसरा ठोका दिला, तशी पावलं पुढच्या खोलीत गेली. तिसरा, चौथा. जिना चढताना पाचवी पायरी नेहमीसारखी करकरली, तीही खाली ऐकू आली.

सात झाले. सुरेखानं थोडं थांबून आठवा दिला.

वर पावलं मध्येच थबकली. सुरेखा डोळे मिटून पडून राहिली. क्षणभर तिला वाटलं, आता जिन्यावर वाजतील. नाही. पावलं हलली आणि बैठकीकडे गेली, पहिल्या रेडिएटरकडे. किल्ली खरखरली.

नववा दिला. दहावा. दहाव्यानंतर वरून हाक आल्यासारखं झालं. शमिका काहीतरी ओरडली होती. शब्द कळले नाहीत, एकही नाही. लोखंडी दारानं शब्द सगळे गाळून टाकले आणि नुसता आवाज आत सोडला: बाईचा, ओळखीचा, घरातला.

अकरावा ठोका तिनं अगदी हलका दिला. मग पाना छातीशी धरून पडून राहिली. पाइपातून वरचं सगळं ऐकू येत होतं. खुर्ची सरकली, नळ सुटला, बंद झाला. कुणीतरी वर चालत होतं. त्या दिवशी ती स्वतः चालत होती. खिडक्या उघडत होती, कढई आपटत होती, चिडून आदळआपट करत होती, आणि तो सगळा वेळ इथे ते ऐकू येत होतं. दहाव्यापर्यंत प्रत्येक ठोक्याला ती उठून गेली होती आणि ते त्याला ऐकू आलं होतं. खाली आली मात्र नव्हती. दोन्ही खरं होतं. सुरेखा इतके महिने ज्याच्यापासून पळत होती ते आता तिच्या शेजारी जमिनीवर होतं, आणि ती पळाली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दार ढकललं गेलं. शमिका आत आली आणि आईला तशी पडलेली पाहून दारातच थांबली.

"मी आठव्याला थांबले," ती म्हणाली. "मला सगळं माहीत होतं, आई. तरी वाटलं, एखादा नीट झाला नसेल. आणि मी पुन्हा पहिल्याकडे गेले."

सुरेखा उठून बसली. "काय ओरडलीस मघाशी?"

"'आता पुरे ना', असं काहीतरी. का? कळलं नाही?"

"नाही. शब्द आले नाहीत. वर माणूस आहे एवढं कळत होतं. आणि चालणं. चालणं सगळं कळत होतं."

शमिकानं तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. तिनं कोट काढला, शालीवर येऊन बसली आणि हळूहळू तशीच कुशीवर आडवी झाली, कान पाइपांजवळ नेऊन.

"आई," ती म्हणाली, आणि या वेळी ते मराठीत होतं, जरा अडखळत, "तू वर जा. चाल."

सुरेखानं कोट तिच्या अंगावर घातला आणि ती वर गेली. बाहेर धुकं विरलं होतं, अक्रोडाखाली कुणीतरी पानं गोळा करत होतं. ती स्वयंपाकघरातून बैठकीत गेली, बैठकीतून जिन्यानं वर, निजायच्या खोलीत, परत खाली. तिनं पायांत सपाता घातल्या होत्या, त्या मुद्दाम काढून ठेवल्या, आणि टाचा टेकवत, सावकाश, एकेका खोलीत फिरत राहिली, खालचं दार वाजेपर्यंत.